डाव्या चाकाची घरघर

सोमवार, ४ फेब्रुवारी
आज मास्टरांनी पहिल्यांदाच विचारलं, "बिरागो, तुला काय वाटतं?" गॅरेजात येऊन आठ महिने झाले, तेव्हा कुठे!

गाडी बोआतेंगमामांची मिनीबस. वेग घेतला की पुढच्या चाकातून घरघर. मास्टर म्हणाले, उजवं चाक. मी म्हटलं, डावं. ते हसले. "पस्तीस वर्षं या सुवामेच्या गॅरेजगल्लीत चाकंच ऐकतोय मी, पोरी."

मंगळवार, ५
उजव्या चाकाचं बेअरिंग बदललं. हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले. घरघर तशीच.

बुधवार, ६
मास्टरांना आता टायरचा संशय. पुढचे टायर मागे टाकले, मागचे पुढे. आवाज पुढेच! टायरचा असता तर टायरबरोबर मागे गेला नसता का?

मामा वैतागलेत. शनिवारी चर्चच्या गाणाऱ्या बायकांना केप कोस्टला न्यायचंय. अठरा जणी. त्यात माझी आई.

गुरुवार, ७
मास्टर केंके खायला गेले तेवढ्यात मामांना गळ घातली— एक फेरी मारू. मी त्यांच्या सीटमागे खाली आडवी, कान पत्र्याला.

"झोपायला आलीस की ऐकायला?"

"डावीकडे वळवा, मामा." आवाज दबला.

"आता उजवीकडे." घरघर दुप्पट!

उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो. म्हणजे डावंच. पण मास्टरांना सांगायचं कसं?

शुक्रवार, ८
सांगितलं. चारचौघांत नाही, नळापाशी हात धुताना. त्यांनी हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "जॅक लाव."

डावं चाक हाताने फिरवलं, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. वाळू दळल्यासारखी खरखर बोटांना लागली. मास्टरांचा हात धरून तिथे ठेवला. त्यांनी लगेच मान हलवली.

चाक खोललं. बेअरिंगच्या रुळांना खड्डे पडलेले, एक तर तापून निळा. "केप कोस्ट गाठलं नसतं यांनी," मास्टरच म्हणाले.

नवं बसवून फेरी मारली. शांत! मामा स्टिअरिंगवर ठेका धरून गायला लागले. मी बरोबर, मास्टर चूक— अख्ख्या गल्लीला सांगेन, सोमवारीच!

रविवार, १०
आई सुखरूप परतली. घसा बसलाय, तरी बडबड थांबत नाही.

सोमवार, ११
सकाळी गेल्या गेल्या मास्टरांनी शेडमागे नेलं.

"डाव्या कानाने दोन वर्षं काही ऐकू येत नाही मला. घरीही माहीत नाही. कुठलाही आवाज मला उजवीकडूनच येतो." मग खाली बघत, "यापुढे तपासायची गाडी तू चालव, स्टिअरिंग डावीकडेच असतं. मी शेजारी, उजवीकडे बसेन. डावीकडचं तू ऐक."

गल्लीत कुणाला काही सांगितलं नाही.