कमरेचा भोपळा

गुरुजी, आज सदावर्ताच्या ओट्यावर शिधा घ्यायला उभा होतो आणि तुमचा भोपळा आठवला. तुम्ही तापीत गुडघ्याच्या वर कधी उतरला नाहीत, स्नानही काठावर तांब्यानेच. पण आयुष्यातला सर्वांत मोठा वाद पोहण्याच्या दाखल्यावर जिंकलात, हे मी अजून गमतीने सांगत असतो.

तो विणकर आठवतो ना? गिरणीचं कापड आलं नि त्याचा माग बंद पडला, त्याला वर्षं लोटली होती. प्रकाशा गावी देवळापाशी मारवाडी शेठजींचं सदावर्त, वाटप तुमच्याकडे; शिधा कोरडा, म्हणून मुसलमान असूनही त्याला घेता येई. मग त्याला जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, सकाळपुरतं कापूस निवडायचं काम लागलं. आम्ही विद्यार्थी पाठ सोडून ऐकतोय, आणि तो तोंड पाडून सांगतोय, "गुरुजी, मी काम सोडी देस. काम अर्धं शे, पन घरमा भूक पुरी शे." कारण सदावर्ताची रीतच होती, हाताला काम लागलं की शिधा बंद.

तुम्ही त्याला बसवून घेतलंत आणि शेठजींना बोलावणं धाडलंत. आता स्मृतिवचनं सुटणार म्हणून आम्ही सरसावलो. शेठजींचं म्हणणं, कमावत्याला दिलं तर ज्याचे हात रिकामे आहेत त्यानं कुठे जायचं? तुम्ही एकही श्लोक काढला नाहीत. एवढंच विचारलंत, "शेठजी, पोहायला शिकलात तेव्हा कमरेला सुका भोपळा होता ना? पहिला हात मारल्याबरोबर तो सोडला होता का?"

शेठजी नदीकडे बघत म्हणाले, "नाही महाराज. काकांनी उन्हाळाभर राहू दिला होता."

विणकराचा शिधा चालू राहिला. जिनात पूर्ण दिवस मिळाला तेव्हा तो स्वतःच येऊन सांगून गेला, आता नको.

पाठशाळा मिटल्यापासून मीही रिकामाच होतो. हल्ली शाळेत सकाळपुरतं संस्कृत शिकवतो. शेठजींच्या नातवाने आज विचारलं, शास्त्रीजी, आता काम लागलं ना? मी भोपळ्याची गोष्ट सांगितली. तो हसला आणि पीठ पुरतं भरून दिलं.

हा कागद तुमच्याच पोथीत ठेवतो, दुसरा पत्ता मला ठाऊक नाही. शेठजींच्या नातवाला सगळं सांगितलं, एक सोडून: पोहायला मीही शिकलेलो नाही, गुरुजी, आणि 'आता नको' म्हणायला मला कधी जमेल याची खात्री नाही.