चुकीच्या काजातलं बटण

आई,
इथूनच वाकून नमस्कार करते.

माझं ठीक चाललंय. वेळेवर जेवते, झोपते. बाबा गेल्यापासून रडू मात्र आलेलं नाही. दादाला सांगू नकोस, फोन करून डोकं खाईल. तुझे गुडघे काय म्हणतात?

सध्या कॉलेजात मुलांना इंटरनेटवरचे जुन्या फोटोंचे संग्रह वापरायला शिकवतेय. माझा नियम एकच: आधी फोटो नीट बघा, माहिती नंतर वाचा. काल एका मुलीने छापखान्यातल्या कामगारांचा फोटो पडद्यावर लावला. म्हणाली, "मॅडम, या कडेच्या माणसाने बटण चुकीच्या काजात लावलंय."

आपले बाबा होते गं. कोवळे, मिशीसुद्धा नव्हती. खाली ना नाव, ना साल.

मी "छान" म्हटलं आणि तास पुढे नेला. आवाजही कापला नाही.

संग्रहवाल्यांना आज नाव कळवलं. साल नक्की माहीत नाही, पण तुमच्या लग्नाआधीचं, असं लिहिलं. नंतर तू बाबांना तसं उंबऱ्याबाहेर जाऊच दिलं नसतंस.

बाबा गेले तेव्हा मी वेळेवर पोचले नाही, म्हणून विचारते. त्यांना शेवटचा शर्ट तूच घातलास ना?

तुझी,
धाकटी