बैलाला म्हशीचा दर

गुरुवार संध्याकाळ, २००६. हॉस्टेल, कोल्हापूर.

डोक्यातनं तो बैल काही जाईना.

आज कॉम्प्युटर लॅबमध्ये हास्केल भाषेत डेअरीच्या दूधबिलाचा प्रोग्रॅम लिहायचा होता. दुधाच्या प्रकाराला मी साधी स्ट्रिंग ठेवली, म्हणजे काहीही लिहिलं तरी चालतं. ‘गाय’ नसेल तर म्हशीचा दर लाव, एवढंच. सरांनी मुद्दाम ‘बैल’ लिहिलं आणि बैलाला म्हशीचा दर मिळाला!

"काय गं सुजाता, तुमच्या राधानगरीकडं बैल दूध देतोय व्हय?" सर म्हणाले. सगळा वर्ग हसला.

अनघानं मात्र दुधासाठी स्वतःचा वेगळा ‘डेटा टाइप’ बनवलेला. दूध एकतर गाईचं, नाहीतर म्हशीचं, तिसरं नाहीच. सरांनी तिथंही बैल घातला, तर प्रोग्रॅम कंपाइलच होईना, चालायच्या आधीच चूक दाखवून अडला.

पण डेअरीत गाईचा कॅन वेगळा, म्हशीचा वेगळा, हे तिला परवा चहा पिताना सांगितलं कुणी? मीच की! ती कळंब्याची, शहराला लागून राहणारी, पिशवीतलं दूध पिणारी. धारा काढून हात माझे दुखायचे, आणि सुचलं तिला? मला का नाही?

वर सरांना म्हणते, "कल्पना सुजाताचीच आहे, सर."

कशाला सांगितलं? गप्प बसली असती, तर मला निदान मनसोक्त चिडता तरी आलं असतं.