कोणाकडं आलात?

वैशाखरे, श्रावणातला रविवार, २००३

संध्याकाळपासून ती पिशवीच डोळ्यांपुढे येतेय.

माळशेज बघायला निघालेल्या गाड्या इथे घाटाच्या पायथ्याशी थांबल्या की सासूबाई हमखास विचारतात, "कोणाकडं आलात?" ते लोक म्हणतात, कोणाकडे नाही, फिरायला. मग सासूबाई घरात येऊन हळहळतात, "बिचाऱ्यांचं इकडं कोणीच नाय."

त्या स्वतः घाट चढल्या त्या फक्त माहेरी जाताना. एसटीच्या खिडकीतून दिसेल तेवढाच त्यांचा घाट. मागच्या वर्षी त्यांचे भाऊ गेले, माहेरच्या घराला कुलूप लागलं, आणि वर जायचं कारणच उरलं नाही. आज मीच म्हटलं, चला, नुसतं जाऊन येऊ. तयार झाल्या, पण हातात तांदळाची पिशवी! कोणासाठी, तर म्हणे, "रिकाम्या हातानं कसं जायाचं?"

वर ढग पायांखालून चालले होते. आपण जमिनीवर आहोत की नाही, तेच कळेना. सासूबाई चहाच्या टपरीच्या बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर. माहेरचा रस्ता समोर धुक्यात शिरत होता. मी उगाच आणलं का त्यांना?

तेवढ्यात टपरीवरच्या बाईने चहा देताना विचारलं, "कोणाकडं आलात, आजी?"

सासूबाई म्हणाल्या, "कोणाकडं नाय गो. आमी फिरायला." आणि स्वतःशीच लाजल्यासारख्या हसल्या.

चहा संपल्यावर मात्र त्यांनी पिशवी तिच्या हातात ठेवली. "घे. आता तुझ्याकडं आलो."