बांधावरची खुर्ची

ती. कान्हूभावोजी यांस,

रोह्याजवळच्या अष्टमीहून कमळाकरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहायला सोपा. घालायला गेलो तर कंबर पुन्हा सरळ होत नाही, तरी पोचला असं धरावं.) तुमच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? ताईचा खोकला कमी झाला का? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे. त्यातली रोहिणी ठीक आहे, मी नाही. यंदा गौरीला तुमचं बोलावणं आलं नाही, आणि का आलं नाही हे विचारायला मला तोंड राहिलेलं नाही.

तुम्हाला माहीतच आहे, धाटावच्या कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर बसून देशाचा कारभार बघतो. अर्थसंकल्प, निवडणुका, कोर्टाचे निकाल, रुपयाची घसरण, लोक विचारतात आणि मी सांगतो. (खरं तर लोक विचारत नाहीत. पण उठूनही जात नाहीत, कारण चहा यायचा असतो.) मागे व्याजदर चढणार म्हणालो, ते उतरले. तर उतरल्याची कारणंही मीच इतकी झकास सांगितली, की मी आधी काय म्हणालो होतो ते कुणाला आठवलंच नाही. जाणकार माणसाचं असंच असतं, भावोजी. चुकलं तरी त्याचं काही बुडत नाही. बुडतं ते ऐकणाऱ्याचं, आणि हे मला यंदा श्रावणात कळलं, साठी उलटल्यावर.

पिठोरी अमावस्येला पाच दिवस होते. मी तुमच्याकडे जेवायला आलो होतो आणि तेवढ्यात हाळी आली, खाडीच्या बांधाला खेकड्यांनी भोक पाडलंय. तुमच्या गावचा रिवाज, हाळी आली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन निघतो आणि ओहोटी आहे तोवर चिखल थापून भोक बुजवतो. हातभर भोक, अर्ध्या तासाचं काम. पण पाहुण्याला उभं कसं ठेवायचं म्हणून तुम्ही घमेल्याऐवजी प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन बांधावर आलात. मी बसलो. आता खुर्चीत बसल्यावर मला गप्प राहता येत नाही, हा जुना आजार. मी म्हणालो, कुणी हात लावू नका. बांध सरकारी योजनेतला, तुम्ही बुजवलात की पुरावा गेला, जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली आणि उद्या भरपाई मागायची सोय उरली नाही. आधी अर्ज, मग पंचनामा, मग माती. धोरण, तरतूद, उत्तरदायित्व असे चार जड शब्द घातले आणि वीस माणसं घमेली पालथी घालून त्यावर बसली. एकदोघं कुरकुरले, तेव्हा तुम्हीच छाती पुढे काढून म्हणालात, “माजा मेवना कायदा जानतो. त्याचा आयका.” फक्त ताई मागून हळूच म्हणाली, “कमळू, तुजा कायदा खरा असंल. पन भरतीला वाचता येत नाय.” मी हसलो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

अर्ज घेऊन आपण पेणला गेलो. एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पुन्हा पहिलीकडे, आणि तिसऱ्या दिवशी शिक्का मिळाला. (शिक्का फार ठसठशीत उमटला होता, हे मी तेव्हा तुम्हाला दोनदा दाखवलं.) पंचनाम्याला कुणी यायच्या आतच अमावस्येच्या उधाणात बांध फुटून त्या भोकाची दहा हात खांड झाली आणि सगळ्या गावाचं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. आता दोन-तीन वर्षं तिथे दाणा होणार नाही, असं ताईने फोनवर सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पुढचं तिने फोन ठेवता ठेवता सांगितलं. गाव खांड बुजवायला निघालं तेव्हा हाळी घरोघर फिरली आणि तुमचं दार तेवढं वगळून पुढे गेली. तीस वर्षांत ज्या घराचं घमेलं कधी चुकलं नाही, त्या घरावरून माणसं मुकाट्याने गेली. भाताचं मी काय भरून देणार? पण हे तर कुणालाच भरून देता येत नाही.

आणि आता कबुली. ते सगळं मी ज्या लेखावरून बोललो, तो मी अर्धाच वाचला होता. आमच्या टपरीवर एकच पेपर येतो आणि पानं वाटून वाचली जातात. लेखाचा उरलेला भाग पान सातवर होता, आणि पान सात नेहमी केरूशेठकडे असतं, तो ते राशिभविष्यासाठी सोडत नाही. परवा मी रद्दीतून ते शोधून काढलं. त्यात सरळ लिहिलं होतं, आधी गावाने भोक बुजवावं, फोटो काढून ठेवावा, अर्ज मागाहून करावा.

लोभ असावा म्हणायचा हक्क मी गमावलाय. राग असेल तो मात्र खुशाल करा.

तुमचा मेहुणा,
कमळाकर

ता. क. अर्जाचं उत्तर आलं. (पत्ता मी ऐटीत माझा दिला होता.) भोक दिसताच गावाने ते का बुजवलं नाही, याचा खुलासा सात दिवसांत मागितलाय. मी लगेच तीन पानी मसुदा लिहिला, उत्तम झाला होता. रोहिणीने तो घडी करून डुगडुगत्या कपाटाखाली सारला आणि म्हणाली, आधी गावात जाऊन तोंडाने सांगा.

ता. क. दुसरा. खांड अजून पुरती बुजलेली नाही आणि रविवारी ओहोटीला काम आहे असं कळतं. मी सकाळच्या गाडीने कासू स्टेशनला उतरतो. सगळ्यांसमोर सांगेन की चूक माझी, कान्हूभावोजींनी फक्त मेहुण्यावर विश्वास ठेवला. मग तुमच्या घराचा माणूस म्हणून मला रांगेत उभं राहू द्या, हीच विनंती, बाकी सगळं पत्र या विनंतीसाठीच. घमेलं रोह्याच्या बाजारातून घेतलंय. दुकानदाराने लोखंडाचे भाव पुढे काय होतील ते विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही.

ता. क. शेवटचा. ती खुर्ची वाहून जाऊन खाडीतल्या तिवरांच्या झाडीत अडकलीय असं ताई म्हणाली. तिथेच राहू दे. आणि घरातली दुसरी बांधावर आणू नका, भावोजी. आणलीत तर मी बसेन.