कपाटाच्या दारामागचे पत्ते

३ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

हे तुला तिसरं पत्र. मदत केंद्राच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण तिथल्या बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं की तू सुखरूप आहेस आणि पत्र आलं तर पोचवू. पहिल्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही. टपालवाल्याला रोज विचारते. आता तो मला बघून लांबूनच मान हलवतो.

तुझा नवरा तुझ्या खोलीपर्यंत पोचला, दारावर लाथा मारल्या, आणि तू दोन पिशव्या घेऊन तीही खोली सोडलीस, हे मला त्या बाईंकडून कळलं. सख्ख्या बहिणीची बातमी परक्या बाईकडून ऐकायची, याचं फार वाईट वाटलं.

इकडे सगळं जागच्या जागी. शाळेच्या कार्यालयात दाखले लिहिते. मुख्याध्यापिका माझ्या अक्षराचं कौतुक करतात आणि जास्तीचं काम गळ्यात मारतात. घरी आले की रेडिओ लावते, कुणीतरी बोलत असावं म्हणून. तुझे भाऊजी गेल्यापासूनची सवय.

तुझा दात दुखत होता, त्याचं काय केलंस? पैशांची अडचण असेल तर कळव, लगेच पाठवते. आणि कुठे राहतेस तेवढं सांग. मी कुणाला सांगणार नाही.

रागावली असलीस तरी चार ओळींपुरता लोभ शिल्लक ठेव.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार ओळी मागितल्यास, पण जास्त लिहिते आहे, कारण तीन दिवसांत मी कुणाशी बोललेले नाही. पावाच्या दुकानात बोलले, पण ते 'एक द्या' एवढंच.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. खिडकीतून समोरच्या धुलाईवाल्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. जेवायला बसले की समोर भिंत. घर सोडताना भीतीची तयारी केली होती, या शांततेची नव्हती.

पैशांची काळजी करू नकोस. केंद्राकडे एक निधी आहे. आसपासचीच माणसं त्यात पैसे टाकतात: पावाच्या दुकानाची मालकीण, एक निवृत्त बसचालक, समोरच्या धुलाईवाल्या बायका. बाई समोर बसवतात आणि एकच विचारतात, आत्ता काय झालं तर तुझं पाऊल पुढे पडेल? मी त्यांचं नाव एकप्रश्नी बाई ठेवलं आहे. मी सांगितलं: आधीच्या खोलीचं राहिलेलं भाडं, या खोलीचं आगाऊ भाडं, दाराला नवं कुलूप. मग लाजत लाजत दात सांगितला. त्यांनी तोही लिहून घेतला. काम झाल्यावर मी सगळ्या पावत्या नेऊन दिल्या, तर त्यांनी त्या परत केल्या. म्हणाल्या, मागितल्या नव्हत्या. अकरा वर्षं मी कोथिंबिरीच्या जुडीचासुद्धा हिशेब दिला आहे, ताई. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले.

तुझे पैसे मात्र नकोत. दोनदा मी तुझ्याकडे पळून आले आणि दोन्ही वेळा तू माझ्या हातात परतीचं तिकीट ठेवलंस. आणि मागच्या खोलीचा पत्ता केंद्राबाहेर फक्त तुला माहीत होता. तूच तो दिलास. म्हणून हा कळवत नाही.

एवढं लिहूनही नमस्कार खरा आहे, तो घे.

चिंगी


२ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून रेडिओ लावलेला नाही.

मी पत्ता सांगितला नाही. पण त्याला तो माझ्यामुळेच मिळाला. आईची सवय तुला ठाऊक आहे, नातलगांचे पत्ते स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचे. मीही तेच करत आले. तुझी चिठ्ठी मामा आणि आत्या यांच्या मधोमध होती. जानेवारीत तो आला. डोळ्यांत पाणी, हातात तुझा निळा स्वेटर. थंडी आहे, तिच्यापर्यंत पोचवा म्हणाला. मी विरघळले. त्याला आत बसवलं, चहा ठेवला, साखरेसाठी कपाट उघडलं आणि तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून वळले. दार उघडंच राहिलं. तो चहा न पिता उठला, तर मला वाटलं बिचाऱ्याला गहिवरून आलं. केंद्राचा फोन आला त्या दिवशी पुन्हा साखर काढायला गेले, तेव्हा दाराच्या आतली तुझी चिठ्ठी समोर दिसली, आणि तो चहा न पिता का उठला ते कळलं.

मी तोंडाने सांगितलं नाही, असं स्वतःला बजावत तुला तीन पत्रं लिहिली. पण त्याला घरात मीच घेतलं होतं.

परतीच्या तिकिटांचंही सांगते. तू परत गेलीस की मला वाटायचं, सगळं जागेवर आलं. तिथे काय होतं ते मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. त्या निधीचा आधी राग आला, घरचं माणूस असताना हिने परक्यांपुढे हात का पसरावा म्हणून. मग कळलं की त्यांनी जे विचारलं ते मी विचारायला हवं होतं.

आशीर्वाद देण्याइतकी मी उरले असेन, तर ते घे.

ताई


२५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र चारदा वाचलं. तू मला विकलं नाहीस, तू वेंधळेपणा केलास, हे कळून बरं वाटलं आणि मग तेवढ्यावर बरं वाटल्याचा राग आला. दूध उतू जाणं तर तुझं लहानपणापासूनचं आहे.

मला पुन्हा बाइंडिंगचं काम मिळालं. माझी दाभणं आणि पुस्तकं दाबून ठेवायचा शिकंजा त्याच्याकडेच राहिला. एकप्रश्नी बाईंना सांगितलं, आणि आठवड्यात दोन्ही वस्तू नव्या आल्या. आता एका ग्रंथालयाच्या फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे घालते आहे. खोलीला खळीचा वास येतो. तो मला आवडतो, आणि आता त्यावर नाक मुरडणारं कुणी नाही. कधी कधी वाटतं, कुणी मुरडलं असतं तरी चाललं असतं.

परवा बाईंनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, एक खुर्ची. खोलीत एक आहे ना, असं त्या म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या खुर्चीत कोण बसणार हेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. खुर्ची आली आहे. तिच्यावर पुस्तकांचे गठ्ठे ठेवते, म्हणजे ती रिकामी दिसत नाही.

मला पाठवायचे म्हणत होतीस ते पैसे त्या निधीत टाक. ते कुणाला मिळाले हे तुला कळणार नाही. तुला जमतंय का बघ.

लोभाचं मी अजून काही लिहीत नाही. पण पत्र लिही.

चिंगी


१४ एप्रिल

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

जमलं, पण सहज नाही. पाकिटात पैशांबरोबर चिठ्ठी घातली होती: हे औषधपाण्यासाठी किंवा मुलांच्या शाळेसाठीच वापरावेत. टपालपेटीपर्यंत जाऊन परत आले आणि चिठ्ठी काढून टाकली. कुणी बाई त्यातून लिपस्टिकही घेईल, घेऊ दे. पेटीत पाकीट पडलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाला परत पाठवलं नाही.

कपाटाचं दार कोमट पाण्याने भिजवून खरवडलं. मामा, आत्या, सगळे निघाले. तुझ्या चिठ्ठीच्या जागी रंग थोडा उजळ राहिला आहे.

तुझा नवा पत्ता मला कळवू नकोस. हे रुसून लिहीत नाही. तो पुन्हा आला तर मी दार उघडणार नाही, असं ठरवलं आहे. पण मी मला ओळखते, रडणाऱ्या माणसापुढे माझं काही खरं नसतं. तुझ्या खुर्चीचं वाचून मात्र त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

केंद्रामार्फत का होईना, लोभ येत राहू दे.

ताई


१० मे

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझी सगळी पत्रं मी ट्रंकेत जपून ठेवली आहेत, अगदी शाळेच्या सहलीवरून पाठवलेलंही. हे एकच ठेवलं नाही. तू तीन ओळींचा पत्ता मजकुराच्या मधोमध लिहिलास, कापून काढता येणार नाही असा, आणि वर बजावलंस की पाठ कर आणि फाड. आठ दिवस भांडी घासताना म्हणत होते. काल न अडखळता म्हणता आला, तेव्हा पत्र फाडलं. शेवटी तू लोभाचं लिहिलं होतंस, ते वाक्यही त्यातच गेलं. पण तेही पाठ आहे.

तो गेल्या आठवड्यात आला होता. या वेळी हातात मिठाईचा पुडा. मी दार उघडलं नाही. आत उभी राहून तुझा पत्ता मनात म्हणत राहिले, तो जाईपर्यंत. मग शाळेत फोन करून उशिरा येते म्हटलं आणि पोलिसांत जाऊन लेखी तक्रार दिली. माझं अक्षर पहिल्यांदाच वाईट आलं.

येत्या रविवारी खुर्चीवरचे गठ्ठे उचलून ठेव. सकाळची गाडी आहे. तिकीट एकाच बाजूचं काढलं आहे, परतीचं तू म्हणशील तेव्हा काढू.

आणि हे पत्रही केंद्राकडूनच येईल, दोन दिवस उशिरा. पाकिटावर लिहायला पेन उचललं होतं, पण तुझा पत्ता मी कुठेही लिहायचा नाही, असं ठरलंय ना आपलं.

तुझी ताई