दहापैकी थरथर

चेन्नई, ९ ऑगस्ट २००९

तीर्थरूप बाबांना अनिकेतचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आईंचा रक्तदाब? मी मजेत (म्हणजे जेवण जात नाही, एवढंच). स्वरदा गेले अकरा दिवस माहेरी, म्हणजे तुमच्याकडेच आहे, तेव्हा तिची खुशाली मी काय कळवणार! तिने माझी बाजू सांगितली नसणार, म्हणून हे पत्र.

तुम्ही आम्हाला दिलेल्या जुन्या गाडीत क्लच सोडला की इंजिन कूस बदलायचं. तुमच्या मते ते चालायचंच. माझ्यातल्या इंजिनियरला मात्र बघवेना. मी इंजिनाखालची मऊ रबरं काढून कडक बसवून घेतली. तिरुवल्लिकेणीचा मेकॅनिक जयतीर्थ (तंजावरकडचा, आपल्यापेक्षा जुनं मराठी बोलतो) विनवत होता, की धक्का कुणीतरी गिळायला हवा. रबराने नाही गिळला तर पुढच्याला गिळावा लागेल. मी त्याला आलेख काढून दाखवला.

पहिले चार दिवस झकास गेले. इंजिन ढिम्म, क्लच सोडला की गाडी लगेच पुढे. मग रबर जे मुकाट गिळत होतं ते क्लच प्लेट, गिअर आणि ॲक्सलच्या वाट्याला आलं, आणि उरलंसुरलं शेजारच्या सीटवर बसलेल्या स्वरदाच्या. ओरगडमला आमच्या कारखान्यात माणसाला सीटवर बसवून थरथरीला दहापैकी गुण लिहून घेतात. घरी माणूस एकच. ती रोज संध्याकाळी तक्ता भरायची, मी रविवारी सरासरी काढायचो. सरासरी चांगली येत होती हो, बाबा.

शेवटी नुंगंबाक्कमच्या सिग्नलला क्लच सोडला आणि ॲक्सलचा सांधाच तुटला. मागे बसवाले बोंबलत होते. स्वरदाने शांतपणे त्या दिवसाचा तक्ता भरला, माझ्या हातात दिला आणि ऑटोत बसली. मला वाटलं घरी गेली. ती थेट स्टेशनवर गेली होती.

आईंना नमस्कार. रागावला असाल, तर बरोबरच आहे.

तुमचा,
अनिकेत

ता. क. : जुनी रबरं परत बसवली. इंजिन पुन्हा कूस बदलतं. जयतीर्थने मजुरी घेतली नाही, त्याचंच जास्त लागलं.

आणखी एक : तिचा तो शेवटचा तक्ता काल शेऱ्यासकट वाचला (कारखान्यात आम्ही आकडेच घेतो, शेरे कुणी वाचत नाही). लिहिलंय, ‘मला ही गाडी सोसत नाही, हे नऊ वेळा लिहिलं. तू सरासरी काढलीस.’ मग मागचे आठही शेरे शोधून वाचले. ती माझा फोन घेत नाही. बाबा, मी सगळे वाचलेत, एवढं तिला सांगाल का?